कच्च्या फिल्मचा खटला

भोर हे नाव देशातल्या उत्पादन शुल्काच्या वकिलांना चांगले परिचयाचे आहे. पण पंत सचिवांच्या गादीमुळे, रायरेश्वरामुळे किंवा भाटघरच्या धरणामुळे नव्हे. १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने भोर इंडस्ट्रीज या भोरचे नाव लावणाऱ्या कंपनीच्या अपिलात एक निकाल दिला. न्यायमूर्ती सब्यसाची मुखर्जी यांनी लिहिलेला हा निकाल पुढे कितीतरी खटल्यांत आधाराला घेतला गेला. कंपनी रेक्झिन आणि त्या जातीचा माल बनवत असे. पीव्हीसीची पूड, तिला मऊपणा आणणारे तेलकट प्लास्टिसायझर, रंग आणि उष्णतेत टिकावे म्हणून घातलेली रसायने एकत्र मळायची, तो तापलेला गोळा एकमेकांवर फिरणाऱ्या जड रुळांतून काढायचा, पातळ पापुद्रा निघाला की तो कापडावर चिकटवायचा, त्यावर ठसा उमटवायचा, की झाले रेक्झिन. यातला मधला पापुद्रा म्हणजे कच्ची पीव्हीसी फिल्म. शुल्क खात्याचे म्हणणे होते की हा प्लास्टिकचा पदार्थ आहे, तो तयार झाला आहे आणि दरपत्रकातल्या नोंदीत बसतो, म्हणून त्यावर कर द्या. कंपनीचे म्हणणे होते की हा पापुद्रा कोणी विकत नाही आणि कोणी घेतही नाही. तो पुढच्या टप्प्यावर जाण्यासाठीच जन्माला येतो. न्यायालयाने कंपनीची बाजू उचलून धरली. एखादी वस्तू यादीतल्या वर्णनात बसते एवढ्यावर ती शुल्कपात्र ‘माल’ ठरत नाही. ती बाजारात आणून विकता येण्याजोगी असली पाहिजे, हे त्या निकालाचे सार.

पॉलिमरच्या फिल्ममधून वीज काढण्याचा जो इतिहास १९६९ पासून चालू आहे, तो समजून घ्यायला हा निकाल फार उपयोगी पडतो, असे माझे मत आहे. दाबले, ताणले किंवा वाकवले की विद्युतभार देणारे पॉलिमर, म्हणजेच पिझोइलेक्ट्रिक किंवा दाबविद्युत पॉलिमर, यांच्याबद्दल गेली पन्नासहून अधिक वर्षे जे लिहिले जाते त्यात दोन गोष्टींची सतत गल्लत होते. पदार्थात गुण आहे हे सिद्ध होणे ही एक गोष्ट. त्या गुणाला त्याच्या सगळ्या मर्यादांसकट पेलणारे काम सापडणे ही दुसरी. पहिली गोष्ट प्रयोगशाळेत एका दुपारी होऊ शकते. दुसरीला दशके लागतात, आणि पुष्कळदा ती होतच नाही. या फिल्मचा खरा इतिहास दुसऱ्या गोष्टीचा आहे.

दाबविद्युत गुण जाक आणि पिएर क्यूरी या भावांनी १८८० साली स्फटिकांत दाखवला. पहिल्या महायुद्धात पॉल लांजव्हँ यांनी क्वार्ट्झच्या चकत्या पोलादी पत्र्यांत बसवून पाणबुड्या शोधण्यासाठी पाण्यातला ध्वनी निर्माण केला. दुसऱ्या महायुद्धानंतर बेरियम टायटनेट आणि मग लेड झिर्कोनेट टायटनेट, म्हणजे पीझेडटी, ही भाजलेली सिरॅमिक आली आणि तिने मैदान मारले. हे सगळे कठीण आणि ठिसूळ पदार्थ. मऊ, तंतुमय, सेंद्रिय पदार्थांतही हा गुण असतो हे जपानच्या एइची फुकादा यांनी पद्धतशीरपणे दाखवले: १९५५ मध्ये लाकडात आणि १९५७ मध्ये अस्थिशल्यतज्ज्ञ इवाओ यासुदा यांच्यासह हाडात. आकडे अगदी लहान होते. पण स्फटिकांची मक्तेदारी मोडली. मग १९६९ मध्ये हेइजी कावाई यांनी ताणलेल्या आणि प्रखर विद्युतक्षेत्रात ठेवलेल्या पॉलिमर फिल्म तपासल्या. पॉलिव्हिनिलिडीन फ्लोराइड, म्हणजे पीव्हीडीएफ, त्यात इतका पुढे निघाला की बाकीची नावे मागे पडली. त्या बाकीच्यांत पीव्हीसीही होते. ज्या पदार्थाच्या पापुद्र्यावरून वीस वर्षांनी दिल्लीत युक्तिवाद झाला, त्यात दाबविद्युत गुण थोडासा का होईना आहे हे तोवर नोंदले गेले होते.

पीव्हीसीत तो थोडाच का, हे पाहिले की मर्यादांचा स्वभाव कळतो. पीव्हीसीच्या साखळीत कार्बनला चिकटलेला क्लोरीन ऋण बाजूला झुकतो, म्हणून प्रत्येक कडीत एक छोटा द्विध्रुव असतो. पण क्लोरीनचे अणू साखळीवर वेड्यावाकड्या क्रमाने बसलेले असल्यामुळे साखळ्या नीट रचून स्फटिक होत नाहीत. पदार्थ बहुतांशी काचेसारखा अव्यवस्थित राहतो. सुमारे ८० अंश सेल्सिअसच्या वर, म्हणजे काचसंक्रमण तापमानाच्या पलीकडे, त्याला विद्युतक्षेत्रात धरले तर द्विध्रुव थोडे एका दिशेला वळतात, आणि क्षेत्र न काढता थंड केले तर त्याच अवस्थेत गोठतात. हे गोठलेपण हीच त्याची सारी पुंजी. आता रेक्झिनकडे पाहा. रेक्झिन मऊ हवे म्हणून त्यात प्लास्टिसायझर घालतात, आणि प्लास्टिसायझरचे कामच मुळी काचसंक्रमण तापमान खाली, खोलीच्या तापमानाच्याही खाली आणण्याचे. साखळ्या मोकळ्या झाल्या की गोठवलेले द्विध्रुव पुन्हा विस्कटतात. म्हणजे ज्या गुणामुळे ती फिल्म स्कूटरच्या सीटवर चालते, तोच गुण तिच्यातली वीज घालवतो.

पीव्हीडीएफची गोष्ट वेगळी. फ्लोरीनचे दोन्ही अणू एकाच कार्बनवर असल्याने साखळी सममित असते आणि सहज स्फटिक होते. मात्र वितळवून थंड केलेल्या पीव्हीडीएफमध्ये जो स्फटिकप्रकार बनतो, त्याला अल्फा म्हणतात, त्यात शेजारच्या साखळ्यांचे द्विध्रुव एकमेकांना मारून टाकतात. फिल्म ८० ते १०० अंशांच्या आसपास तापवून मूळ लांबीच्या चार-पाच पट ताणली की साखळ्या सरळ होतात आणि बीटा प्रकार तयार होतो. त्यात सारे फ्लोरीन एका बाजूला येतात. त्यानंतरही काम संपत नाही. स्फटिकांच्या दिशा एक करण्यासाठी दर मीटरला काही कोटी व्होल्टचे क्षेत्र लावावे लागते, म्हणजे ५२ मायक्रॉन जाडीच्या फिल्मवर काही हजार व्होल्ट. एखादा टाचणीएवढा दोष असला तरी तिथून ठिणगी पडून फिल्म जळते. एवढे करून हाती येतो दर न्यूटनला २० ते ३० पिकोकुलोम इतका भार. क्वार्ट्झच्या मानाने हे दहा पट. पीझेडटीच्या मानाने दहावा-पंधरावा हिस्सा, कधी त्याहून कमी.

या एका आकड्यावर थांबणाऱ्याला दोन्हीकडून फसता येते. भार कमी असला तरी पीव्हीडीएफची विद्युतपारगम्यता पीझेडटीच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपास आहे, त्यामुळे तेवढ्याच दाबाला मिळणारे व्होल्ट मात्र पीझेडटीच्या सुमारे दहा पट असतात. म्हणजे ऐकायला ही फिल्म उत्तम. पण यांत्रिक ऊर्जेचे विजेत रूपांतर किती होते हे पाहिले तर चित्र पालटते. रूपांतराचा गुणांक पीझेडटीत सुमारे ०.७ आणि पीव्हीडीएफमध्ये ०.१२ ते ०.१५, ऊर्जेचा वाटा या आकड्याच्या वर्गाइतका. एकीकडे जवळजवळ निम्मी ऊर्जा, दुसरीकडे दीड-दोन टक्के. फिल्म चांगली श्रोता आहे, वक्ता नाही. तिला ऐकवा, तिच्याकडून काम करून घेऊ नका, हा नियम पहिल्या दशकातच आकड्यांत दिसत होता. तरीही तिच्याकडून काम करून घेण्याचा मोह आजवर सुटलेला नाही.

इथे एक आक्षेप रास्त आहे. करकायद्यातली विक्रीयोग्यता आणि पदार्थविज्ञानातली उपयुक्तता यांची सांगड घालणे ओढूनताणून नाही का? कर कोणाकडून घ्यायचा हा राज्याचा प्रश्न. निसर्गाला त्याच्याशी काय देणेघेणे? शिवाय संसदेने २००८ मध्ये कायद्यात स्पष्टीकरण घालून पैशाच्या मोबदल्यात विकत घेता-देता येण्याजोगी कोणतीही वस्तू विक्रीयोग्य मानली जाईल असे ठरवले, आणि २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आल्यावर तो सगळा वादच मागे पडला. हे सारे खरे आहे. पण माझा दावा निकालाच्या कायदेशीर आयुष्याबद्दल नाही, त्यातल्या प्रश्नाच्या रचनेबद्दल आहे. न्यायालयाने विचारले की ही वस्तू तिच्या आहे त्या अवस्थेत, दुसऱ्या कशात रूपांतरित न होता, कोणाच्या कामाची आहे का. हाच प्रश्न दाबविद्युत फिल्मला विचारला तर उत्तर वर्णनाच्या यादीत नव्हे, परिस्थितीत शोधावे लागते. आणि एका ठिकाणी ही तुलना मोडते तेही सांगितले पाहिजे: पीव्हीडीएफ हा पदार्थ म्हणून कावाईंच्या शोधाआधीच बाजारात होता. इमारतींच्या धातूच्या पत्र्यांवरचा, ऊनपावसात न उडणारा लेप म्हणून तो १९६० च्या दशकात विकला जात होता, आणि आजही त्याचा मोठा खप लेप, गाळण्या आणि लिथियम बॅटऱ्यांतला चिकटवणारा घटक असाच आहे. पदार्थ माल होता. त्यातला गुण माल नव्हता.

परिस्थिती म्हणजे काय, हे भोर आणि वेल्ह्याच्या खोऱ्यात उभे राहून पाहता येते, कारण तिथे प्रचंड दाब आहे आणि तो बराच काळ हलत नाही. येळवंडीवरचे भाटघरचे दगडी धरण १९२० च्या दशकात पूर्ण झाले. पावसाळ्यात भरले की नीरेच्या कालव्यांची आवर्तने सुटेपर्यंत भिंतीवर पाण्याचा भार महिनोन्‌महिने तसाच असतो. दाबाला वीज देणारी फिल्म या भिंतीच्या पायथ्याशी लावली तर काय सांगेल? काही नाही. दाब बदलतो तेव्हाच फिल्म भार देते. दाब स्थिर राहिला की तो भार गळून जातो. साधा हिशेब असा: ५२ मायक्रॉन जाडीच्या, पाच चौरस सेंटिमीटर फिल्मची धारिता सुमारे एक नॅनोफॅरड. तिला एक कोटी ओहमचे मापन जोडले तर भार शतांश सेकंदात ओसरतो. म्हणजे सेकंदाला पंधरा-सोळापेक्षा कमी आवर्तनांची कोणतीही हालचाल तिला पुरती ऐकूच येत नाही. वेल्ह्याच्या खोऱ्यातल्या आंबी नदीवरचे पानशेत धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले, तेही एका क्षणात नव्हे. मातीचा बांध त्याआधी काही तास पाणी सोडण्याच्या मोरीच्या भागात खचत होता. तेव्हा ही फिल्म अस्तित्वातच नव्हती. पण असती आणि बांधात पुरलेली असती, तरी त्या मंद खचण्याबद्दल तिने चकार शब्द काढला नसता. अशा जागी पाण्याची पातळी दाखवणारी साधी नळी किंवा ताणलेल्या तारेच्या कंपनावर चालणारे मापक लागते. ती साधने जुनी आहेत, आणि तिथे ती श्रेष्ठ आहेत.

विद्युत अभियंता यावर म्हणेल की भार गळू न देणारे प्रवर्धक असतात, रोध वाढवता येतो, मग मिनिटांच्या हालचालीही टिपता येतील. येतील, पण तिथे दुसरी मर्यादा दार अडवून उभी असते. १९७१ मध्ये बेल लॅबोरेटरीजमधल्या बर्गमन, मॅकफी आणि क्रेन यांनी दाखवले की पीव्हीडीएफ उष्णतेलाही वीज देतो. हा शोध अवरक्त किरण टिपणाऱ्यांना आनंदाचा होता, दाब मोजणाऱ्यांना नव्हे. तापमान एक अंशाने बदलले की दर चौरस मीटरला सुमारे ३० मायक्रोकुलोम भार निर्माण होतो. आपल्या पाच चौरस सेंटिमीटरच्या तुकड्यावर हा १५ नॅनोकुलोम झाला. तेवढाच भार जाडीच्या दिशेने दाबून मिळवायचा तर सुमारे ५०० न्यूटन, म्हणजे पन्नास किलोचे वजन ठेवावे लागेल. ढग सरून फिल्मवर ऊन पडले तर तिच्या लेखी कोणीतरी येऊन उभे राहिले. जलद हालचालींत हा दोष दबून जातो, कारण उष्णता सावकाश येते. मंद हालचालींत तो सगळे मोजमाप गिळतो. शिवाय सुमारे ८० अंशांच्या वर फिल्म दीर्घकाळ ठेवली तर ताणून आणि ध्रुवण करून मिळवलेली शिस्त हळूहळू सैल पडते, फिल्म आक्रसते आणि गुण घटतो.

आता सर्वांत लाडका आक्षेप: मोजायचे राहू द्या, वीज तरी मिळेल. बुटात फिल्म घाला, माणूस चालेल, मोबाइल चार्ज होईल. वेल्ह्याहून १,४०३ मीटर उंचीच्या तोरण्यावर चढणाऱ्या साठ किलोच्या माणसाचे सारे वजन प्रत्येक पावलाला त्या पाच चौरस सेंटिमीटरवर आले असे धरू. भार १८ नॅनोकुलोम, विद्युतदाब १८ व्होल्ट. ऐकायला बरे वाटते. ऊर्जा मात्र सुमारे ०.१६ मायक्रोज्यूल. पाय टेकताना आणि उचलताना, असे दोन्ही वेळचे धरून सेकंदाला एक पाऊल मोजले तरी साध्या एलईडीला लागणाऱ्या शक्तीच्या लाखाव्या हिश्शापेक्षाही कमी. फिल्म दाबण्याऐवजी ताणली तर बरेच अधिक मिळते, कारण पातळ काटछेदावर सारा ताण एकवटतो. एक सेंटिमीटर रुंदीच्या पट्टीला ५ न्यूटन ओढ दिली तर काही मायक्रोज्यूल मिळतात. हाच मार्ग एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये १९९८ मध्ये घेतला गेला. तिथे तळव्याच्या वाकण्याने ताणली जाणारी, पीव्हीडीएफच्या अनेक थरांची पट्टी बुटात बसवली आणि चालण्यातून सरासरी एक मिलिवॅटच्या आसपास शक्ती मिळाली. टाचेखालच्या पीझेडटीने त्याहून थोडी अधिक दिली. हे काम प्रामाणिक आणि कुशल होते. पण मोबाइलच्या बॅटरीत १५ वॅट-तास मावतात असे धरले तर एका मिलिवॅटने ती भरायला पंधरा हजार तास, म्हणजे सहाशेहून अधिक दिवस अखंड चालावे लागेल. त्या संशोधकांनी मोबाइलचा नाद धरला नाही. त्यांनी साठवलेल्या थेंबभर ऊर्जेतून अधूनमधून एक ओळखसंकेत रेडिओवर पाठवून दाखवला. मर्यादेच्या मापाचे काम निवडणे ते हे.

पुण्याजवळच्या प्रयोगशाळांतही आज हा विषय जिवंत आहे. पाषाणच्या आयसर संस्थेत आर. बूमिशंकर यांच्या गटाने फेरोइलेक्ट्रिक सेंद्रिय लवणांचे कण मऊ पॉलिमरमध्ये मिसळून लवचिक ऊर्जाग्राहक बनवले आहेत. अशा मिश्रणांमागची कल्पना सरळ आहे: गुण कणांकडून घ्यायचा, लवचिकपणा पॉलिमरकडून. अडचणही तितकीच सरळ आहे. मऊ पॉलिमर बाहेरचा दाब स्वतःतच जिरवतो, आणि त्याची पारगम्यता कमी असल्यामुळे विद्युतक्षेत्रही कणांपर्यंत पुरते पोचत नाही. जगभरच्या अशा शोधनिबंधांत टाळी किंवा बोटाच्या ठोक्याने मिळालेले अनेक व्होल्ट छापले जातात. ज्याने वरचा हिशेब केला आहे त्याला व्होल्टचे नवल वाटत नाही. तो ज्यूल किती, किती रोधावर आणि दर सेकंदाला किती ठोके, हे विचारतो. व्होल्टमध्ये बोलणे आणि ऊर्जेबद्दल गप्प राहणे ही या क्षेत्राची जुनी खोड आहे, आणि ती पीव्हीडीएफइतकीच जुनी आहे.

मग गुणाचा माल कुठे झाला? जिथे चारही मर्यादा एकाच वेळी निरुपद्रवी ठरल्या तिथे: हालचाल जलद असावी, तापमान मध्यम असावे, फिल्मने फक्त ऐकावे आणि ऐकायचे माध्यम मऊ असावे. पाण्यातला ध्वनी हे याचे नेमके उदाहरण. पाण्याचा ध्वनिरोध दीड एककाच्या आसपास, पीव्हीडीएफचा चारच्या आत आणि पीझेडटीचा तीसच्या वर. या आकड्यांनी हिशेब केला तर पाण्यातून पीझेडटीवर आदळलेल्या ध्वनिऊर्जेचा पाच-षष्ठांश भाग परत फिरतो. पीव्हीडीएफवरून जेमतेम एक-पंचमांश. १९८० च्या दशकात ब्रिटनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीच्या कामातून कड्यावर ताणलेल्या पीव्हीडीएफ फिल्मचे हायड्रोफोन तयार झाले, आणि सोनोग्राफीच्या यंत्रांतून शरीरात जाणारा ध्वनी किती प्रखर आहे हे मोजण्याचे ते प्रमाण साधन ठरले. गंमत अशी की ज्या प्रोबमधून तो ध्वनी निघतो, त्यात अजूनही मुख्यतः पीझेडटीच असते. बोलणारा सिरॅमिक, तपासणारे पॉलिमर. त्याच दशकात फ्रान्समधल्या सँ-लुई इथल्या संस्थेत फ्रांस्वा बाउएर यांनी स्फोटाच्या आघातलहरी मोजणारे पीव्हीडीएफ मापक विकसित केले. तिथे सारा खेळ मायक्रोसेकंदांत संपतो, भार गळायला वेळच मिळत नाही. त्याआधी १९७० च्या दशकात जपानच्या पायोनियर कंपनीने ध्वनिक्षेपकांत उच्च स्वरांसाठी हीच फिल्म वापरली होती. तिथे फिल्मला बोलायला लावले खरे, पण अगदी बारीक आवाजात, जिथे फार हालचाल लागत नाही.

पीव्हीडीएफपुढे आता जो प्रश्न आहे तो विजेचा नाही. फ्लोरीनयुक्त, सहज न विघटणाऱ्या रसायनांवर व्यापक निर्बंध घालण्याचा प्रस्ताव २०२३ मध्ये पाच युरोपीय देशांनी मांडला, आणि फ्लोरोपॉलिमर त्याच्या कक्षेत येतात. पर्याय म्हणून जे नाव पुढे येते ते पॉलिलॅक्टिक आम्लाचे. त्यातही फुकादांच्या कामाचा वाटा आहे. त्याला काही हजार व्होल्टचे ध्रुवण लागत नाही, कारण गुण द्विध्रुवांच्या गोठण्यात नसून साखळीच्या मळसूत्री घडणीत आहे, आणि म्हणूनच ते तापमानाला खोटी वीज देत नाही. पण ते सरळ ताणाला प्रतिसाद देत नाही, फक्त कातरणाऱ्या ताणाला देते. म्हणून फिल्म ताणाच्या दिशेशी ४५ अंशांच्या कोनात कापावी लागते. भार दर न्यूटनला जेमतेम दहा पिकोकुलोमच्या आसपास मिळतो, आणि ६० अंशांच्या पुढे फिल्म मऊ पडते. त्याच्या वाट्याला कोणते काम येणार, हे यातल्या शेवटच्या दोन मर्यादा ठरवतील.